नवीन जागेतून वेबिनार घेताना आवाज तुटतो, चित्र अडकतं: आधी काय तपासायचं, नंतर काय

घरी सगळं व्यवस्थित चालतं आणि दुसऱ्याच्या जागेत गेलं की दहाव्या मिनिटाला चॅटमध्ये "सर आवाज येत नाहीये", "सर तुम्ही अडकलात" सुरू होतं. सोलापुरात मी हाच दोष गेली कित्येक वर्षं दुरुस्त करत आलोय. डाळिंबवाल्या शेतकऱ्यांचे वेबिनार, डॉक्टरांचे, शाळामास्तरांचे, टॉवेल-चादरवाल्यांचे. कधी जुळे सोलापुरातला फ्लॅट, कधी होटगी रोडचं मंगल कार्यालय, कधी अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं ऑफिस, कधी शेतातलं पत्र्याचं शेड. जागा दरवेळी नवीन असते पण दोष फिरून फिरून तेच सात-आठ निघतात.

आणि लोक दरवेळी पहिला फोन नेटवाल्याला लावतात. नेटवाला म्हणतो लाईन चालू आहे, आणि खरंच चालू असते. दोष बहुतेक वेळा भिंतीवरच्या डब्यापासून तुमच्या तोंडापर्यंतच्या शेवटच्या वीस फुटांत असतो, म्हणून तपासणी पण तिथूनच सुरू करायची, फुकटातली आधी आणि खर्चाची नंतर.

लक्षणं आधी नीट बघा

"नेट चालत नाही" एवढ्यावरून काहीच कळत नाही. नक्की काय होतंय ते लिहून ठेवा, वेळेसकट.

- समोरच्यांचं चित्र-आवाज तुम्हाला छान येतंय पण त्यांना तुमचं तुटक जातंय: अपलोड (तुमच्याकडून बाहेर जाणारा स्पीड) कमी आहे किंवा वायफाय कमजोर आहे.
- आवाज रोबोटसारखा, मध्येच शब्द गिळले जातात आणि मग तीन शब्द एकदम येतात: स्पीड पुरेसा असेल पण स्थिर नाही.
- सगळंच जातं आणि दोन-तीन मिनिटांनी आपोआप परत येतं: राउटर बंद होऊन परत चालू होतोय. इथे नेटचा संबंध नाही, विजेचा आहे.
- बरोबर ठरावीक वेळेने तुटतं, म्हणजे तासाने वगैरे: त्या जागेच्या वायफायचं लॉगिन संपतंय. बरोबर ४० मिनिटांनी मीटिंगच संपली तर तो झूमच्या फुकट प्लॅनचा नियम आहे, दोष शोधत बसू नका.
- पहिली पंधरा-वीस मिनिटं झकास, मग हळूहळू बिघडत जातं: काहीतरी तापतंय, फोन किंवा लॅपटॉप.
- मागे सतत घूंऽऽ असा आवाज: अर्थिंग.
- स्वतःचाच आवाज परत येतो किंवा शिट्टी वाजते: एकाच खोलीत दोन माईक चालू आहेत.
- आवाज विहिरीतून आल्यासारखा: खोली मोकळी आहे.

यातलं एक लक्षण पकडलं तरी अर्धं काम होतं. दोन लक्षणं एकत्र असतील तर एका वेळी एकच गोष्ट बदला. लोक घाईघाईत राउटरपण रिस्टार्ट करतात, सिमपण बदलतात, माईकपण बदलतात आणि मग चालू झालं तरी कशाने चालू झालं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी परत पहिल्यापासून.

तपासणी १: कुणाचं तुटतंय ते विचारा

पैसा लागत नाही, एक मिनिट लागतं. दुसऱ्या जागी बसलेल्या एका ओळखीच्या माणसाला आधीच सांगून ठेवा की तू फक्त ऐकायचं आणि मला फोनवर सांगायचं. चॅटमध्ये दोन जण ओरडले म्हणजे सगळ्यांना त्रास होतोय असं नसतं, कधी त्या दोघांचंच नेट कमजोर असतं आणि आपण उगाच चालू गाडीचं चाक काढतो. कुणीच नसेल तर स्वतःच्या दुसऱ्या फोनवरून मोबाईल डेटा टाकून, वायफाय बंद करून, श्रोता म्हणून जॉईन व्हा आणि इअरफोन लावून ऐका. इअरफोन नाही लावला तर शिट्टी वाजेल.

तपासणी २: तुमचाच लॅपटॉप

नवीन जागेचं फास्ट वायफाय मिळालं की लॅपटॉप चार दिवसांचं साठलेलं काम काढतो. विंडोज अपडेट, ड्राईव्हवर फोटो चढवणं, अँटिव्हायरस. फोनपण तेच करतो, खिशातला फोन वायफायला लागला की गॅलरी वर चढवायला लागतो आणि तुमचा अपलोड तिथेच संपतो. म्हणून विंडोजमध्ये त्या वायफायला मीटर्ड कनेक्शन करून टाका म्हणजे मोठे अपडेट थांबतात, ड्राईव्हचं सिंक पॉज करा, स्वतःचे आणि खोलीतल्या बाकीच्यांचे फोन त्या वायफायवरून काढा. कार्यालयात मॅनेजरचा मुलगा आतल्या खोलीत गेम डाऊनलोड करत होता आणि आम्ही बाहेर तासभर केबल बदलत होतो, असंही झालंय.

लॅपटॉप चार्जरला लावलेला पाहिजे, पॉवर मोड बेस्ट परफॉर्मन्सला पाहिजे. बॅटरीवर बरेच लॅपटॉप स्वतःचा वेग कमी करतात आणि स्क्रीन शेअर केली की मग धापा टाकतात. मीटिंगच्या अर्धा तास आधी एकदा रिस्टार्ट मारा, आणि त्यानंतर ब्राउझरचे वीस टॅब परत उघडू नका.

तपासणी ३: स्पीड टेस्ट, पण योग्य आकडा बघून

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. टेस्टमध्ये मोठ्या अक्षरात डाऊनलोड दिसतो, १०० एमबीपीएस बघून माणूस खूश होतो. वेबिनार घेणाऱ्याला अपलोड लागतो, कारण तुमचं चित्र-आवाज इथून बाहेर जाणार आहे. झूमचं स्वतःचं म्हणणं असं आहे की ग्रुपमध्ये ७२०पी चित्रासाठी अपलोडला साधारण २.६ एमबीपीएस लागतो आणि १०८०पी साठी ३.८. नुसत्या आवाजाला ६० ते ८० केबीपीएस पुरतात. म्हणजे किती थोडकं लागतं बघा, आणि अडचण आली की कॅमेरा बंद करणं हा पहिला उपाय का आहे तेही यातून कळतं. मी स्वतः लागतो त्याच्या दुप्पट अपलोड टेस्टला दिसल्याशिवाय कॅमेरा चालू करून बोलायला हो म्हणत नाही.

टेस्ट तीनदा करायची, जिथे बसून बोलणार त्याच खुर्चीवर, आणि आदल्या दिवशी त्याच वेळेला. सकाळी अकरा वाजता जाऊन "मस्त स्पीड आहे" म्हणायचं आणि वेबिनार रात्री आठचा, याला काही अर्थ नाही, रात्री आठला अख्खी सोसायटी मॅच नाहीतर सिरीयल बघत असते.

स्पीडपेक्षा मला स्थिरता महत्त्वाची वाटते. लॅपटॉपमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा, इंग्रजीत पिंग टाईप करा, एक जागा सोडून ८.८.८.८ (हा गूगलच्या सर्व्हरचा पत्ता), परत एक जागा सोडून वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून टी. एंटर मारलं की एकेक ओळ येत राहते, पाच-दहा मिनिटं चालू द्या, मग कंट्रोल आणि सी दाबलं की शेवटी हिशोब देतो. ओळीओळीतला वेळ, म्हणजे उत्तर यायला लागलेले मिलिसेकंद, २०, २२, २१, २३ असा एकसारखा येत असेल तर लाईन उत्तम. २०, ३१०, २५, ४८०, मध्येच टाईम्ड आऊट असं येत असेल तर स्पीड टेस्टने २०० दाखवले तरी आवाज तुटणारच. झूमच्या हिशोबाने वेळ १५० मिलिसेकंदांच्या आत, वेळेतला चढउतार ४० च्या आत आणि हरवलेली पाकिटं (डेटा ज्या छोट्या तुकड्यांत जातो ते) २ टक्क्यांच्या आत पाहिजेत. एसटीचं उदाहरण घ्या, दर पंधरा मिनिटांनी एक सुटते पण स्टँडवर तासभर एकही नाही आणि मग चार एकदम. गाड्या तेवढ्याच, पण प्रवाशाची वाट लागते. आवाजाचं तसंच होतं.

तपासणी ४: वायफाय, भिंत आणि पत्रा

पिंग खराब आला तर लॅपटॉप उचला आणि राउटरच्या शेजारी जाऊन उभं राहून तोच पिंग बघा. तिथे आकडे सुधारले म्हणजे लाईन चांगली आहे, मधली भिंत खाते. गावठाणातले जुने वाडे, बाळीवेस, मंगळवार पेठ त्या बाजूचे, भिंती दीड-दोन फूट जाड दगड-मातीच्या. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय एका भिंतीत गारद होतं. २.४ वालं पलीकडे पोचतं पण ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वायफायने, ब्लूटूथने, मायक्रोवेव्हने भरलेलं असतं, त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. पत्र्याचं शेड असेल तर राउटर बाहेर आणि तुम्ही आत असं चालतच नाही.

मग काय करायचं तर आधी फुकटातलं: राउटरच्या खोलीत बसून बोला. लोकांना मागे छान भिंत पाहिजे असते म्हणून ते लांबच्या खोलीत बसतात, मी त्यांना सांगतो भिंत आपण करू, तुम्ही इथे बसा. राउटर कपाटात, टीव्हीमागे, लोखंडी रॅकवर असेल तर मालकाला विचारून बाहेर काढा.

जागा बदलता येत नसेल तर वायर. कॅट ६ ची वीस मीटरची तयार केबल आणि लॅपटॉपला पोर्ट नसेल तर यूएसबीचा लॅन कन्व्हर्टर. माझ्या पिशवीत या दोन वस्तू कायम असतात आणि खरं सांगतो, निम्म्या जागांचा आजार या दोन वस्तूंनीच बरा झालाय. वायफायवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, बाकीच्यांनी थांबायचं, वायरीत तुमचा रस्ता तुमचा. केबलच्या टोकाची प्लास्टिकची चिमटी तुटलेली नाही ना बघा, तुटली असेल तर केबल नुसती टेकून राहते आणि कुणाचा पाय लागला की निघते. दारातून जाते तिथे चिकटपट्टी मारा.

तपासणी ५: वीज

हा भाग मी जरा सविस्तर लिहितो कारण याच्यावर कुणाचं लक्षच जात नाही.

पूर्व भागात, अशोक चौकाच्या पुढे, एका अण्णांच्या घरी त्यांच्या टॉवेलचे नमुने बाहेरच्या व्यापाऱ्यांना लाईव्ह दाखवायचे होते. पुढच्या खोलीत ऑफिस, मागच्या बाजूला यंत्रमाग. तालीम चालू असताना दर चार-पाच मिनिटांनी सगळं जायचं आणि तीन मिनिटांनी परत यायचं. नेटवाला येऊन गेला, लाईट हिरवा आहे म्हणाला. मी शेवटी खुर्ची ओढून राउटरसमोर बसलो आणि नुसता बघत बसलो. मागे माग चालू झाले तशी खडखड सुरू झाली, आणि थोड्या वेळाने राउटरचे सगळे दिवे एकदम विझले आणि मग एकेक करत परत लागायला लागले. मी बोर्डावर तळहात ठेवला तर भिंतीचा कंप हाताला लागत होता. सॉकेट जुना, आतले पितळी पट्टे सैल पडलेले, ॲडॉप्टर त्यात नुसता लोंबकळत होता आणि कंपाने क्षणभर सुटत होता. ॲडॉप्टर काढून समोरच्या भिंतीच्या घट्ट सॉकेटमध्ये लावला, एक तास माग चालू ठेवून बघितलं, परत एकदाही गेलं नाही. वेबिनारच्या वेळी अण्णांनी माग बंद ठेवलेच, पण तो आवाजासाठी.

म्हणून राउटरचे दिवे बघा. आवाज गेला त्या क्षणी सगळे दिवे विझून परत लागत असतील तर दोष विजेचा. ॲडॉप्टर हलवून बघा, सैल वाटला तर दुसरा सॉकेट. एकाच एक्सटेन्शन बोर्डावर राउटर, कुलर आणि मिक्सर असं नको. मोटर चालू होताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते, त्या क्षणाला व्होल्टेज दबतो, आणि जुना मरगळलेला ॲडॉप्टर तेवढ्यात मान टाकतो.

लाईट गेली तर काय, हे आदल्या दिवशी करूनच बघायचं. मालकाला विचारून मेन स्विच एक मिनिट बंद करा. लॅपटॉप बॅटरीवर चालेल, पण राउटर? "आमच्याकडे इन्व्हर्टर आहे" म्हणतात आणि राउटरचा सॉकेट इन्व्हर्टरच्या लाईनीवर नसतोच. किंवा राउटर असतो पण फायबरचा छोटा डबा वेगळ्या बोर्डावर असतो आणि तो बंद पडतो. दोन डबे असतील तर दोन्हीला पॉवर पाहिजे. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, घ्यायच्या आधी तुमच्या ॲडॉप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या. आणि हे करूनही नेट जाऊ शकतं, कारण काही ठिकाणी गल्लीतल्या खांबावरचं नेटवाल्याचं मशीन त्याच लाईटवर चालतं. मेन बंद करून ते कळत नाही, शेजाऱ्याला विचारा, गल्लीची लाईट गेल्यावर तुमचं नेट राहतं का.

तपासणी ६: मोबाईलचं नेट, शेतात किंवा गर्दीत

डाळिंबाच्या बागेतून थेट दाखवायचं, मृग बहारात तेल्या रोगाचे डाग कसे ओळखायचे वगैरे, तिथे फायबर नसतोच. सोलापुरात केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, जिल्हाभर बागा आहेत, त्यामुळे अशा कार्यक्रमांना मागणी आहे आणि ते सगळे मोबाईलवरच.

काड्या बघून अंदाज बांधू नका. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिम स्टेटसमध्ये सिग्नलचा आकडा असतो, वजा ८५-९० च्या आसपास असेल तर छान, वजा ११० च्या खाली गेला तर त्या जागेवरून नको. दहा पावलं सरकलं, गच्चीवर गेलं, बांधावर गेलं की आकडा बदलतो, फिरून बघा. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं न्या, एकाच कंपनीची दोन नकोत, टॉवर गेला की दोन्ही जातील. फाईव्ह जी काठावर येत-जात असेल तर फोन सतत उड्या मारतो, तेव्हा सेटिंगमधून फोर जीवर बांधून टाका, स्पीड कमी दिसेल पण आवाज तुटणार नाही. हॉटस्पॉटपेक्षा यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा, मधलं वायफाय कमी होतं.

मग उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ ला असतो आणि आयफोनसाठी कंपनीने सांगितलेलं वापराचं तापमान ० ते ३५ अंश आहे, बाकीचे फोनही काही फार वेगळे नाहीत. हॉटस्पॉट चालू, चार्जिंग चालू, कव्हर घातलेलं आणि पत्र्याखाली ठेवलेला फोन वीस मिनिटांत हळू पडतो. कव्हर काढा, सावलीत ठेवा, टेबल फॅनची झुळूक द्या, फोन आधीच पूर्ण चार्ज करून न्या. फ्रिजमध्ये किंवा ओल्या फडक्यावर ठेवू नका, आत पाणी धरतं.

गर्दीचं पण ध्यानात ठेवा. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या आसपास किंवा नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या मार्गावरच्या घरातून मोबाईल नेटवर वेबिनार घ्यायला जाऊ नका. टॉवर तोच असतो आणि त्याच्यावर हजारो फोन एकदम व्हिडिओ चढवत असतात. सकाळी सातला मी तिथे अपलोड मोजला तेव्हा उत्तम होता, नंदीध्वज आले तेव्हा एक एमबीपीएससुद्धा मिळेना. त्या दिवसांत वायरचं नेट असलेलं घर शोधायचं नाहीतर शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं.

तपासणी ७: आवाज

लोक चित्र खराब असलं तरी तासभर बसतात, आवाज खराब असला की पाच मिनिटांत जातात. म्हणून यावर वेळ द्या.

शिट्टी किंवा पडसाद येत असेल तर खोलीत दुसरा कुठला लॅपटॉप-फोन त्याच मीटिंगमध्ये आहे का बघा, असला तर त्याचा माईक आणि स्पीकर दोन्ही बंद. हॉलचे स्पीकर चालू असतील तर तुमचा माईक त्यांचा आवाज परत पकडतो, बोलणाऱ्याला इअरफोन द्या.

माईक कुठला निवडलाय ते ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन वाचा. कॉलर माईक लावलेला असतो आणि लॅपटॉप स्वतःचाच माईक घेऊन बसतो, हे फार वेळा होतं. साधी खूण म्हणजे कॉलर माईकवर नखाने हलकंच टकटक करा, सेटिंगमधली आवाजाची पट्टी उडाली तर तोच चालू आहे. मोबाईलच्या कॉलर माईकच्या पिनवर तीन काळे पट्टे असतात, लॅपटॉपला माईकचं वेगळं भोक असेल तर ती पिन थेट चालत नाही, छोटा जोड लागतो.

विहिरीसारखा आवाज म्हणजे फरशी, काच आणि मोकळ्या भिंती. यावर आपल्याकडे घरोघरी औषध आहे, सोलापुरी चादर. जाड सुती विणीच्या चार-पाच चादरी घ्या, दोन बोलणाऱ्याच्या समोरच्या भिंतीवर, म्हणजे कॅमेऱ्यामागे, एक बाजूला, एक टेबलावर. भिंतीला चिकटवण्यापेक्षा दोरी बांधून चार बोटं अंतर सोडून टांगल्या तर जास्त फरक पडतो, हवेच्या पोकळीमुळे आवाज जास्त शोषला जातो. आधी आणि नंतर एक टाळी वाजवून बघा, कानालाच कळेल.

घूंऽऽ येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढा. आवाज लगेच थांबला तर त्या जागेचं अर्थिंग नीट नाही. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल तर तेच. तात्पुरता उपाय म्हणजे पूर्ण चार्ज करून बॅटरीवर बोलणं किंवा दुसरी खोली. आणि कुलर, पंखा बंद करून एकदा ऐका, कानाला सवय झालेली असते, माईकला नसते.

तपासणी ८: कॉलेज किंवा ऑफिसचं नेटवर्क

वायर लावली, पिंग चांगला, तरी आवाज गोळा होऊन येतो? मोठ्या संस्थांमध्ये फायरवॉल असते, म्हणजे नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी, काय आत-बाहेर जाऊ द्यायचं ते ठरवणारा. झूमचा आवाज-चित्र यूडीपी नावाच्या पद्धतीने (हरवलेलं पाकीट परत न मागवता पुढे जाणारी), ८८०१ ते ८८१० या पोर्टवरून, म्हणजे नेटवर्कच्या नंबर दिलेल्या दारांतून, जातं. ते बंद असेल तर ॲप गुपचूप टीसीपी या दुसऱ्या पद्धतीच्या ४४३ नंबरच्या दारावर येतं, मीटिंग चालू राहते पण हरवलेलं पाकीट परत मागवत बसल्यामुळे आवाज अडकून एकदम येतो. तुमच्या लॅपटॉपवर व्हीपीएन चालू असेल तर बंद करून बघा, बाकी काही तुमच्या हातात नाही. तिथल्या कॉम्प्युटर विभागाच्या माणसाला दोन दिवस आधी भेटा, आकडे लिहून द्या, आणि लॉगिन किती वेळाने संपतं तेही विचारा. पाहुणा लॉगिन तासाभराचं असेल तर वेबिनारपुरतं वाढवून मिळतं, मागितलं तर. चोरवाटेने फायरवॉल चुकवायला जाऊ नका, उद्या त्याच संस्थेत परत जायचं असतं.

कुठे थांबायचं

खालच्या गोष्टी दिसल्या की हात लावू नका.

फायबरच्या डब्यावर एलओएस नावाचा दिवा (सिग्नल येत नसल्याची खूण) लाल लागलाय. वायर कुठे दाबली गेली का, कपाटाखाली चेपली का एवढं नुसतं बघा, घट्ट वळण असेल तर सैल करा, तेवढ्याने नाही गेला तर नेटवाल्यालाच बोलवा. हिरव्या टोकाची पिन काढून आत डोळा लावून बघायचं नाही, आतला प्रकाश डोळ्याला दिसत नाही पण इजा करू शकतो.

लॅपटॉपला हात लावल्यावर झिणझिण्या, सॉकेटमधून जळका वास, बोर्ड काळा पडलेला, बटण दाबल्यावर चर्र आवाज: वायरमन. चार्जरची अर्थिंगची पिन कापून घूंऽऽ घालवणारे लोक मी पाहिलेत, तसं करू नका, ती पिन तुमच्या जिवासाठी आहे.

खांबावर चढणं, गल्लीतल्या डब्याला हात लावणं, दुसऱ्याच्या राउटरला रिसेट मारणं, हे तर नाहीच. रिसेटने त्यांचं सगळं सेटिंग पुसलं जातं आणि वेबिनार तर बुडतोच, वर त्यांचं घरचं नेटही जातं.

आणि वेळेची पण हद्द आहे. सुरू व्हायला अर्धा तास उरला की दुरुस्ती बंद. नवीन ड्रायव्हर नाही, ॲप अपडेट नाही, राउटर सेटिंग नाही. दुसरं सिम लावा, कॅमेरा बंद ठेवा, स्लाईड दुसऱ्या गावी बसलेल्या को-होस्टला आधीच पाठवलेल्या असतील तर त्याला शेअर करायला सांगा आणि तुम्ही फक्त बोला. को-होस्ट आधीपासून नेमलेलाच पाहिजे, म्हणजे तुम्ही पडलात तरी मीटिंग त्याच्या हातात राहते. दोन तास आधीच्या पिंगमध्ये २ टक्क्यांच्या वर पाकिटं हरवत असतील आणि दुसरं सिमपण तसंच असेल तर जागाच बदला, दोन तासांत सोलापुरात कुठल्याही टोकाहून कुठल्याही टोकाला पोचता येतं.

नेटवाल्याला किंवा वायरमनला फोन कराल तेव्हा "नेट चालत नाही हो" म्हणू नका. वेळ सांगा (७:१०, ७:१५, ७:२१ ला गेलं), त्या वेळचा दिव्यांचा फोटो पाठवा, पिंगच्या शेवटच्या हिशोबाचा फोटो पाठवा आणि राउटरला थेट वायर लावून बघितलंय हे सांगा. एवढं हातात असलं की तो "राउटर बंद करून चालू करा" म्हणत नाही, कुठली वस्तू बरोबर आणायची ते विचारतो.